पोरं कुठे खेळतात ते आधी बघा: मातीतल्या शिशाबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं कारखान्याजवळच्या मातीबद्दल आहेत, शिसं, क्रोमियम, कॅडमियम वगैरे, आणि लिहिणारे बहुतेक लहान मुलांचे आईवडील नाहीतर आजीआजोबा आहेत, म्हणून यावेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत. कुणाचं नाव छापत नाहीये आणि गावंही मुद्दाम मोघम ठेवलीत.

प्रश्न: आमच्या घरामागे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची भट्टी होती. चार वर्षांपूर्वी बंद झाली. मुलगा अडीच वर्षांचा आहे, दिवसभर अंगणात असतो. मिस्टरांनी माती तपासून आणली, रिपोर्ट चांगला आलाय. आता काळजी नाही ना?
(एक आई, एमआयडीसीलगतची वस्ती)

ताई, रिपोर्टचा फोटो सोबत जोडलात ते फार बरं केलंत. ती मृदा आरोग्य पत्रिका आहे, शेतकऱ्यांना देतात ती. त्यात १२ गोष्टी बघतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. शिसं त्यात नाहीच. म्हणजे तुमचा रिपोर्ट खोटा नाहीये, गहू हरभरा लावायचा असता तर उपयोगी पडला असता, पण मातीत शिसं आहे का हे प्रयोगशाळेला कुणी विचारलेलंच नाही त्यामुळे त्यांनी सांगितलेलंही नाही.

परत तपासायला द्या, आणि देताना मातीतलं एकूण शिसं बघायचंय असं स्पष्ट सांगा, जमलं तर सोबत कॅडमियम आणि आर्सेनिकही. एनएबीएल मान्यता असलेल्या खाजगी लॅब हे करतात. आणि दुसरी गोष्ट म्हणजे शेतीसाठी जसा वीतभर खड्डा करून नमुना घेतात तसा घेऊ नका. मुलगा वीतभर खालची माती खात नाही, त्याच्या हाताला लागते ती अगदी वरची, बोटाच्या पेरभर जाडीची. ती चमच्याने हलकेच खरवडून घ्यायची. जागाही वेगवेगळ्या आणि पिशव्याही वेगवेगळ्या: उंबऱ्यासमोरची, तो बसून खेळतो तिथली, नळाजवळची आणि वळचणीखालची. वळचणीखालची विसरू नका, पत्र्यावर वर्षानुवर्षं बसलेली धूळ पहिल्या पावसात तिथेच उतरते आणि बऱ्याचदा सगळ्यात जास्त शिसं तिथेच सापडतं.

आकडा आला की तो कशाशी ताडून बघायचा? अमेरिकेत मुलं खेळतात त्या मातीसाठी किलोला ४०० मिलिग्रॅम ही रेषा अनेक वर्षं होती, २०२४ मध्ये ती २०० वर आणली, कॅलिफोर्निया राज्याची तर ८० आहे. रेषा खालीखाली का येतेय, तर मुलांच्या मेंदूसाठी शिशाची सुरक्षित अशी पातळीच सापडलेली नाही.

भट्टी बंद झालीय हे चांगलंच, पण तेवढ्याने माती सुधारत नाही. शिसं कुजत नाही, उडून जात नाही, पावसाने फारसं खालीही जिरत नाही, वरच्या थरात चिकटून बसतं. झांबियातल्या काब्वे शहरात शिशाची खाण आणि भट्टी १९९४ ला बंद झाली, त्यानंतर जन्मलेल्या पोरांच्या रक्तात आजही भयंकर शिसं निघतंय. सेनेगलमध्ये डाकारजवळ थियारॉय-सुर-मेर नावाची वस्ती आहे, तिथे बॅटऱ्यांचं शिसं मुरलेली वाळू लोक चाळून पोत्यात भरून विकायला लागले, घरात आणून ठेवायला लागले, आणि नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ एवढ्या पाच महिन्यांत १८ लहान मुलं गेली. तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाहीये, तुमच्याकडे तसं असेलच असं अजिबात नाही, पण रिपोर्ट चांगला आला म्हणून गप्प बसू नका यासाठी सांगतेय.

मुलाचं रक्त तपासून घ्या, शिरेतून काढलेलं. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात बोटावरचीच धूळ मिसळून आकडा उगाच वाढू शकतो. ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधायला लागायचं. ४५ च्या आसपास किंवा वर असेल तर औषधाने शिसं बाहेर काढावं लागतं आणि ते फक्त डॉक्टरांच्या देखरेखीत, बाजारातल्या डिटॉक्स पावडरी कृपा करून देऊ नका.

रिपोर्ट येईपर्यंत थांबू नका. आजपासून अंगण कोरडं झाडणं बंद, पाणी शिंपडून मगच झाडू. तो खेळतो तेवढ्या भागावर फरशा किंवा जाड ताडपत्री आणि त्यावर बाहेरून आणलेल्या स्वच्छ मातीचा वीतभर थर. चपला दाराबाहेर. घरातली लादी रोज ओल्या फडक्याने. खायच्या आधी आणि झोपायच्या आधी हात साबणाने. आणि लोहाकडे लक्ष द्या, कारण अंगात लोह कमी असलं की आतडं शिसं जास्त ओढून घेतं, आणि आपल्या महाराष्ट्रात २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुलं अॅनिमिक निघाली होती. म्हणजे जी पोरं मातीत सगळ्यात जास्त असतात तीच शिसं ओढून घ्यायला सगळ्यात जास्त तयार असतात. मला या कामात सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट हीच आहे.

प्रश्न: आम्ही मातीत लोळून मोठे झालो, काही झालं नाही. नातवाला आता सून मातीला हातही लावू देत नाही. हे जरा अति होत नाहीये का?
(एक आजोबा)

आजोबा, मातीत खेळणं चांगलंच आहे, त्यात मी तुमच्याच बाजूची. पण तुमच्या लहानपणीच्या अंगणाशेजारी भट्टी होती का? प्रश्न एवढाच आहे. साध्या मातीत खेळू द्या हवं तेवढं.

हिशेब मात्र एकदा करून बघा. लहान मूल दिवसाला हाता-तोंडातून साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम माती आणि धूळ गिळतं, मुद्दाम माती खाणारं मूल नव्हे, सगळीच. १०० मिलिग्रॅम म्हणजे चिमूटभरही नाही. माती किलोला १००० मिलिग्रॅम शिशाची असेल (आणि जुन्या भट्टीजवळ ती तशी असू शकते) तर त्या चिमटीत १०० मायक्रोग्रॅम शिसं आलं. अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने मुलांच्या दिवसभराच्या खाण्यात शिसं किती आलं की लक्ष घालायचं याचा आकडा ठरवलाय, तो आहे २.२ मायक्रोग्रॅम. मातीतलं सगळंच शिसं अंगी लागत नाही हे धरलं तरी फरक बघा केवढाय. आणि मोठा माणूस गिळलेल्या शिशातलं जेवढं शोषतो त्याच्या चारपाच पट लहान मूल शोषतं. त्यामुळे तुमच्या आणि नातवाच्या हाताला तीच माती लागली तरी दोघांच्या अंगात जाणारं शिसं सारखं नसतं.

तुम्ही सुनेला म्हणा की चल आपण माती तपासून घेऊ. स्वच्छ निघाली तर नातू तुमच्याबरोबर अंगणात.

प्रश्न: आमच्या वस्तीच्या एका बाजूला फाउंड्र्या आणि भंगाराची गोदामं आहेत. शाळेतल्या नववीच्या मुलांना घेऊन मातीतल्या धातूंचा नकाशा करावा असं मनात आहे. सुरुवात कुठून करू?
(एक शिक्षिका)

बाई, तुमचं पत्र वाचून खरंच आनंद झाला म्हणून जरा लांब लिहिते.

सुरुवात मातीपासून करू नका, मुलांपासून करा. बहुतेक जण काय करतात की वस्तीचा नकाशा घेतात, त्यावर चौकोन आखतात, प्रत्येक चौकोनातून एक नमुना घेतात आणि रंग भरतात, दिसायला फार छान दिसतं. पण चौकोनाचा मध्य येतो कुणाच्या तरी बंद प्लॉटमध्ये किंवा डांबरी रस्त्यावर आणि पोरं खेळत असतात गोदामाच्या भिंतीलगतच्या मोकळ्या जागेत, जिथे चौकोनाचा मध्य आलाच नाही. म्हणून आधी नववीच्या मुलांना आपापल्या गल्लीत पाठवा आणि सहा वर्षांखालची पोरं सकाळी कुठे असतात, दुपारी कुठे, संध्याकाळी कुठे, हे कागदावर काढून आणू द्या. अंगणवाडीचं आवार, देवळाचा पार, पाण्याच्या टाकीखालची जागा, बांधकामाची वाळू, आईचं घरकाम जिथे चालतं तिथली पायरी. तासही लिहायचे. हा तुमचा पहिला नकाशा, आणि माझ्या मते दोघांतला जास्त महत्त्वाचा.

मग त्या जागांवरची माती घ्यायची. नॉर्वेने हे देशाच्या पातळीवर केलंय, तिथल्या भूगर्भशास्त्र संस्थेच्या लोकांनी सरकारला पटवलं आणि १० मोठी शहरं आणि ५ महत्त्वाचे औद्योगिक भाग यांमधल्या पाळणाघरांची आणि बालवाड्यांची माती २०१० पर्यंत तपासायची असा आराखडाच झाला. नमुना कुठला, तर मुलांच्या खेळायच्या जागेतला अगदी वरचा थर. आणि त्यात एक गोष्ट अशी निघाली जी कारखान्यांच्या नकाशावरून कधीच कळली नसती: बऱ्याच बालवाड्यांत आर्सेनिक येत होतं ते चिमणीतून नव्हे तर झोपाळे-घसरगुंड्यांसारख्या खेळायच्या साधनांच्या लाकडातून, कुजू नये म्हणून ते लाकूड आर्सेनिकच्या द्रावणात मुरवलेलं होतं. पोरांच्या मागे जाऊन माती घेतली म्हणून हे सापडलं.

अंतराची नोंद मात्र ठेवाच. १९७२ मध्ये टेक्सासच्या एल पासोत शिशाच्या भट्टीजवळ अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने तपासणी केली, फिलिप लँड्रिगन नावाचे तरुण डॉक्टर त्यात पुढे होते. भट्टीपासून किती लांब राहता त्याप्रमाणे मुलांचे गट केले. १.६ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या १ ते ९ वयाच्या मुलांपैकी ५३ टक्क्यांच्या रक्तात ४० मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं, लांब जावं तसं प्रमाण कमी कमी होत गेलेलं. तोपर्यंत शिसं म्हटलं की घरातल्या जुन्या, शिसं असलेल्या रंगाकडे बोट दाखवायची पद्धत होती, पण घरचा रंग काही भट्टीपासूनचं अंतर बघून वागत नाही, त्यामुळे धूळ हेच मुख्य कारण आहे हे नाकारणं अवघड झालं. तुमच्याकडे वाऱ्याचाही विचार करा, पावसाळ्यात वारा पश्चिमेकडचा असतो पण तेव्हा धूळ उडत नाही, धूळ उडते हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात, त्यामुळे त्या महिन्यांत फाउंड्रीची धूळ कुठल्या गल्लीकडे जाते हे तिथल्या बायकांना विचारा, ओटे पुसताना कुठल्या बाजूला काळं जास्त येतं ते त्यांना पक्कं माहीत असतं.

आणखी एक सोपी गोष्ट, हात. ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरीत १८८९ पासून शिशाची मोठी भट्टी आहे. तिथे संशोधकांनी बागेत खेळण्याआधी आणि खेळून झाल्यावर हात ओल्या वाइपने पुसले आणि वाइपवर किती शिसं आलं ते मोजलं. बागेतली खेळायची साधनं धुतल्यावर शिसं कमी झालं पण एका दिवसात परत धूळ बसली. मातीचा आकडा लोकांना कळत नाही हो, पण पुसलेल्या हाताचं फडकं बघितलं की आई लगेच उठते.

नमुने मोजायला एक्सआरएफ नावाचं हातात धरायचं मशीन असतं, एक-दोन मिनिटांत आकडा देतं, जवळच्या इंजिनिअरिंग किंवा सायन्स कॉलेजात चौकशी करा, नाहीतर मोठ्या शहरातल्या विद्यापीठात. माती वाळवून बारीक चाळून मोजायची, हाताला चिकटते ती बारीकच, पण चाळायचं काम मुलांना देऊ नका, धूळ नाकात जाते, ते मोठ्यांनी मास्क लावून करायचं. मुलांना हातमोजे, आणि काम झाल्यावर साबण.

शेवटची विनंती. कुणाच्या अंगणात किती निघालं हे आधी त्या घराला सांगा, त्यांनी हो म्हटल्याशिवाय घर ओळखू येईल असा नकाशा भिंतीवर लावू नका. एका वस्तीत मी स्वतः ही चूक केलेली आहे, लाल ठिपका असलेल्या घरातल्या पोरांशी बाकीच्यांनी खेळणं बंद केलं, आणि पुढच्या वेळी त्या गल्लीत मला कुणी दार उघडलं नाही. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

प्रश्न: माझ्या एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये ४० नमुन्यांवरून क्रिगिंग करून (म्हणजे मधल्या न मोजलेल्या जागांचे आकडे गणिताने अंदाजून) शिशाचा रंगीत नकाशा केलाय. एक्स्पोजर मॅप म्हणून चालेल का?
(एक विद्यार्थी)

मातीचा नकाशा म्हणून चालेल, एक्स्पोजरचा, म्हणजे पोरांच्या अंगात किती शिसं जाऊ शकतं याचा, म्हणून नाही. दोन कारणं.

पहिलं म्हणजे दोन ठिपक्यांमधला रंग हा अंदाज आहे, आणि वस्तीतल्या मातीला असा हळूहळू बदलायचा नियम लागू होत नाही. एका अंगणात ९० आणि शेजारच्यात १४०० असं सहज निघू शकतं, कारण शेजाऱ्याने भराव टाकताना भट्टीची राख वापरली किंवा ह्याने दोन वर्षांपूर्वी नवी माती आणली. लॉस एंजेलिसजवळच्या व्हर्ननमध्ये बॅटरी वितळवायचा कारखाना २०१५ ला बंद झाला, त्याभोवती १.७ मैलांच्या टापूत १० हजारांच्या आसपास घरं येतात, तिथे सफाई ठरवताना अंगण अन् अंगण वेगळं तपासावं लागलं. तुझ्या नकाशात ठिपके ठिपकेच राहू दे, आणि रंग भरायचाच तर अनिश्चिततेचाही नकाशा शेजारी लाव.

दुसरं, एक्स्पोजरसाठी त्यात मूल यायला पाहिजे. वय, कुठे किती तास, जमीन मातीची का फरशीची, धातूचा कितवा हिस्सा पोटात विरघळतो. रक्ताचे आकडे असतील तर सोन्याहून पिवळं, पण लक्षात ठेव की रक्तातलं शिसं फक्त गेल्या महिन्या-दीड महिन्याची गोष्ट सांगतं. जुनी गोष्ट हाडात आणि दातात असते. व्हर्ननजवळच्या वस्त्यांमधून पोरांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यातलं शिसं मोजलंय, दाताचे थर झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे बनतात त्यामुळे आईच्या पोटात असतानाचं वेगळं आणि जन्मानंतरचं वेगळं वाचता येतं. आपल्याकडे पडलेला दात कौलावर टाकायची पद्धत आहे, कुणी आया एकदा डबीत ठेवून द्यायला तयार झाल्या तर केवढा तरी अभ्यास होईल, तू पीएचडीला विचार कर.

प्रश्न: शेताजवळ नवीन कारखाना आलाय. माती तपासली तर क्रोमियम १६० आणि निकेल ७५ आलं. आमची काळी जमीन आहे. मुलं बांधावर खेळतात. कारखान्यावर तक्रार करू का?
(एक शेतकरी)

दादा, अजून नको. आपली काळी माती बेसाल्टच्या, म्हणजे काळ्या पाषाणाच्या झिजेतून झालीय आणि त्या दगडात क्रोमियम, निकेल, तांबं मुळातच जास्त असतं. तुमचे आकडे नुसत्या दगडातूनही येऊ शकतात. कारखान्यापासून चारपाच किलोमीटर लांबच्या, वाऱ्याच्या उलट बाजूच्या काळ्या रानातला नमुना घ्या आणि शेजारी ठेवून बघा. सारखेच आले तर तो दगडाचा गुण.

तरी रिपोर्टात दोन गोष्टी बघा. शिसं किती आहे? बेसाल्टमध्ये शिसं फार कमी असतं, किलोला दहा मिलिग्रॅमच्या आतबाहेर, त्यामुळे काळ्या मातीत शिसं २००-३०० आलं तर ते दगडाचं नव्हेच, कुणीतरी आणून टाकलेलं आहे. आणि क्रोमियमचा प्रकार. दगडातलं क्रोमियम बहुतेक तीन संयुजेचं असतं, ते फारसं विरघळत नाही. सहा संयुजेचं विषारी, ते प्लेटिंगच्या आणि क्रोमेटच्या कारखान्यांतून येतं, तामिळनाडूतल्या रानीपेटला अशाच कारखान्याच्या कचऱ्याच्या ढिगाऱ्यातून भूजल पिवळं झालं. विहिरीच्या पाण्याला पिवळसर झाक दिसली तर मात्र थांबू नका, पाणी पिणं बंद करा आणि प्रदूषण मंडळाकडे लेखी तक्रार करून पोच घ्या.

प्रश्न: नवरा बॅटरीच्या दुकानात कामाला आहे. आमच्या आजूबाजूला कारखाना वगैरे काही नाही, अंगणही नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. तरी मुलीच्या रक्तात ११ आलं. कसं काय?
(एक आई)

ताई, बहुतेक त्यांच्या कपड्यांवरून, केसांवरून आणि गाडीच्या सीटवरून येतंय. ते घरी आले की मुलगी धावत जाऊन बिलगत असेल, आणि त्यात तिचा किंवा त्यांचा काही दोष नाही. कामाचे कपडे आणि बूट दुकानातच बदलायला सांगा, शक्य असेल तर अंघोळही तिथेच, नसेल तर घरी आल्यावर थेट बाथरूम आणि मगच मुलीला घ्यायचं. ते कपडे वेगळ्या बादलीत, वेगळे धुवायचे, झटकायचे नाहीत. त्यांचंही रक्त तपासा. हळद सुटी आणत असाल तर ती आणि घरात सुरमा असेल तर तोही बंद करून बघा, दोन्हींत शिसं सापडतं. मुलीचं रक्त तीन महिन्यांनी परत तपासून आकडा मला नक्की कळवा, मी वाट बघतेय.